घोड्याच्या चंदीत जवस : शिजवण्याची रीत आणि खबरदारी

माथेरानला घोड्यावर प्रवासी फिरवणारे, लग्नसराईत वरातीला घोडा देणारे, कुठे कुठे अजून टांगा हाकणारे असे आपले अनेक बांधव घोड्याच्या जिवावर घर चालवतात. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालामुळे थांबल्या, पण बाकीच्यांचा धंदा चालू आहे. वरातीच्या घोड्याला भाव मिळतो तो अंगावरच्या चमकेला. नुसत्या खराऱ्याने ती टिकत नाही, चंदीही तशी हवी. त्यासाठी जवस, म्हणजे आपल्या घरातली अळशी, हा जुना आणि स्वस्त उपाय आहे. या बियांत सुमारे ४० टक्के तेल असते.

मात्र कच्चा जवस भरडून कोमट पाण्यात भिजत ठेवणे धोक्याचे आहे. बियांत एक विषारी द्रव्य बांधलेल्या स्थितीत असते आणि ते मोकळे करणारे पाचकद्रव्यही त्याच बियांत असते. अख्ख्या कोरड्या दाण्यात दोन्ही वेगवेगळी राहतात. दाणा फुटला, ओला झाला आणि ऊब मिळाली की दोन्ही एकत्र येऊन हायड्रोजन सायनाइड तयार होते. घोड्याच्या जठरातील आम्लामुळे ही क्रिया मंदावते, म्हणून पुष्कळदा काही होत नाही आणि लोक निर्धास्त राहतात. आमच्या मते हा निर्धास्तपणाच महाग पडतो. घोडा गेला तर हंगाम बुडतो आणि कर्ज तेवढे शिल्लक राहते. बैल, बकरी या रवंथ करणाऱ्या जनावरांना तर धोका आणखी जास्त. कुर्बानीचा बकरा पाळणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

रीत अशी. एका घोड्याला दिवसाला ५० ते १०० ग्रॅम जवस पुरे. तो चाळून खडे काढावेत. जवसाच्या सात-आठ पट पाणी मोठ्या पातेल्यात घेऊन आधी खळखळ उकळू द्यावे आणि मगच त्यात अख्खा जवस सोडावा. थंड पाण्यात टाकून हळूहळू तापवू नये, कारण तो मधला कोमट वेळच वाईट. जोराच्या उकळीने ते पाचकद्रव्य मरते. सायनाइडचा वायू तर साधारण २६ अंशांवरच उडू लागतो, म्हणून पातेल्यावर झाकण ठेवू नये, चूल मोकळ्या हवेत असावी आणि वाफेवर तोंड धरू नये. दहा-पंधरा मिनिटे जोराची उकळी झाल्यावर आच कमी करून दाणे मऊ होऊन बुळबुळीत लापशी होईपर्यंत शिजवावे. याला दोन-तीन तास लागतात. मिश्रण उतू जाते आणि बुडाला लागते, तेव्हा मोतद्दाराला जवळ बसवावे.

ही लापशी निववून पाण्यासकट कोंड्यात कालवून द्यावी. पहिल्या दिवशी दोन चमचेच द्यावी व आठ-दहा दिवसांत प्रमाण वाढवावे. घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेले बाहेर पडत नाही. उन्हाळ्यात लापशी आंबते, सबब उरलेली दुसऱ्या दिवशी तोबऱ्यात घालू नये.

लाकडी घाणीची पेंड घेणाऱ्यांनी तीही उकळूनच द्यावी, कारण त्या घाणीत उष्णता फार चढत नाही. आणि रंगाच्या दुकानातले 'डबल बॉइल्ड' जवस तेल जनावराला कदापि देऊ नये. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. सुतार आणि रंगारी बांधवांच्या घरी ते हाताशी असते, म्हणून मुद्दाम सांगतो. त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेटतो. आम्हा कापडवाल्यांना या गोष्टीची धास्ती असतेच, तबेल्यातही गवताजवळ अशा चिंध्या ठेवू नयेत.

जवस खाल्ल्यावर घोडा धापा टाकू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा हिरड्या लालभडक दिसल्या तर घरगुती औषधात वेळ न घालवता ताबडतोब जनावरांचे डॉक्टर बोलवावेत. काय व किती खाऊ घातले ते त्यांना स्पष्ट सांगावे आणि उरलेली चंदी फेकून न देता दाखवायला ठेवावी.