दात कौलावर, कॅप डबीत

सूनबाई, धाकटीच्या दाढेला कॅप बसवून घेतलीस, फार चांगलं केलंस. आता चार गोष्टी कानात साठवून ठेव. मी त्या चूक करून शिकले आहे.

तुझ्या पुतण्याला तेव्हा सातवं वर्ष चालू होतं. दुधाच्या दाढेचं रूट कॅनाल करून वर स्टीलची कॅप बसवलेली. जानेवारीत पन्हाळ्याच्या पायथ्याला गुऱ्हाळावर गेलो. ओढला की तार सुटणारा कोमट गूळ त्यानं तोंडात टाकला आणि कॅप त्या गोळ्यातच निघून आली. पोरानं ती खिशातनं घरी आणली आणि कौलावर फेकली. पडलेला दात कौलावर टाकायचा, हे मीच त्याला शिकवलं होतं. दुखत नव्हतं, म्हणून मीही गप्प राहिले. तीन आठवड्यांनी फुटाणे खाताना ती उघडी दाढ उभी चिरली आणि काढावी लागली. रूट कॅनाल झालेल्या दाढेतली नस काढलेली असते, ती दुखून सांगत नाही. आणि वर कॅप नसली की ठिसूळ दाढ फुटायला वेळ लागत नाही.

म्हणून पहिलं सांगणं: कॅप निघाली की आधी शोध. ताटात बघ, अंथरूण झाड, फ्रॉकच्या घड्या चाचप. सापडली की उजेडात धरून तिच्या पोटात डोकाव. आत पोकळी आणि पांढरट सिमेंटचे कण दिसले, तर दाढ अजून तोंडात आहे. आत दाढच दिसली आणि पोर दहा-बारा वर्षांचं असलं, तर बहुधा ती आपल्या वेळेनं पडली. त्याआधी पडली, तर लगेच दाखव.

दुसरं: बेसिनचं भोक झाकून कॅप साध्या पाण्यानं धू आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेव. चेपून, वाकवून बघू नको. धड असली तर डॉक्टर तीच पुन्हा बसवू शकतात. दुखत नसलं तरी एक-दोन दिवसांत जायचंच.

तिसरं: घरी चिकटवायची नाही. फेविक्विक तर नाहीच, आणि नुसती दाबून अडकवायचीही नाही. झोपेत सुटली तर श्वासनळीत जायची भीती असते. कॅप नुसती हलत असली तरी रात्र व्हायच्या आत डॉक्टरांना फोन कर, आणि पोरीला बोटानं, जिभेनं चाळा करू देऊ नको.

चौथं, सगळ्यात महत्त्वाचं: कॅप गिळली गेली, किंवा शोधूनही सापडली नाही, तर डॉक्टरांना त्याच दिवशी सांग. गिळलेली कॅप बहुतेक वेळा काही दिवसांत शौचावाटे निघून जाते. उलटी काढायला बोटं घालू नको, जुलाबाचं औषध देऊ नको. पण ठसका, धाप, श्वासात शिट्टीसारखा आवाज, लाळ गळणं, गिळता न येणं, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही. 108 ला फोन कर नाहीतर थेट सीपीआर रुग्णालय गाठ. ठसका लागून थांबला, तरी छाती तपासून घे.

दवाखान्यात जाईपर्यंत मऊ भात-वरण, दुधात कुस्करलेली भाकरी दे, दुसऱ्या बाजूनं चावायला सांग. चिक्की, ऊस, फुटाणे, चॉकलेट बंद. मऊ ब्रशनं ती दाढ सकाळ-संध्याकाळ घासायचीच. लवंगेचं तेल लावू नको, कोवळी हिरडी भाजते. कुणी मशेरी लाव म्हणालं, तर सरळ नाही म्हण. ती तंबाखू आहे. गाल सुजला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना.

शेजारपाजारचे म्हणतील, "दुधाचाच दात, पडणारच आहे की." त्यांना पुतण्याची गोष्ट सांग. सहाव्या वर्षाच्या सुमाराला मागं कायमची दाढ येते. पुढची दुधाची दाढ अवेळी गेली की ती मोकळ्या जागेत सरकते, आणि खालून येणाऱ्या दाताला वाट उरत नाही. पुतण्याच्या तोंडात ती जागा धरून ठेवायला तारेची कडी बसवावी लागली. दुधाची दाढ ही नव्या दाताची जागा राखणारी असते. खर्चाची अडचण वाटली, तर आपल्या जिल्ह्यात नवे पारगावला तात्यासाहेब कोरे डेंटल कॉलेज आहे, तिथं चौकशी कर; पण टाळू नको.

धाकटी आता पाच वर्षांची. अजून पाच-सहा वर्षांनी तिची दाढ आपसूक हलेल आणि कॅपसकट तिच्या तळहातावर येईल. त्या दिवशी तिला अंगणात घेऊन ये. तेव्हा मात्र तिनं ती खुशाल कौलावर फेकावी.