बिदागीचा हिशेब



या वेळचा पाठ मोठ्या गटासाठी आहे. त्यात थोडे मराठी आहे आणि थोडी शेकडेवारी. धाकट्या गटातल्या मुलांना तो आईबाबांनी वाचून दाखवावा. गणिते मात्र मुलांनाच करू द्यावीत.

गेल्या महिन्यात लेकीच्या हट्टाखातर आम्ही एका छोट्या सभागृहात गाणी ऐकायला गेलो होतो. चौघांचा बँड होता. पाठीशी कोणतीही मोठी रेकॉर्ड कंपनी नाही. गाणी स्वतः लिहायची, पदरच्या पैशाने ध्वनिमुद्रित करायची आणि जुन्या व्हॅनमध्ये वाद्ये भरून गावोगाव कार्यक्रम करत हिंडायचे. अशांना आपण 'स्वतंत्र कलावंत' म्हणू.

कार्यक्रम छान झाला. बाहेर पडताना दाराशी एक टेबल दिसले. त्यावर टी-शर्ट, रेकॉर्डी, सीडी आणि स्टिकर मांडले होते. अशा मालाला इथे सगळे 'मर्च' म्हणतात. टेबलामागे उभी होती ती मघाशी गाणारीच मुलगी! लेकीने टी-शर्ट उचलला. किंमत ३० डॉलर.

आम्ही म्हणालो, "अगं, दुकानात असला शर्ट आठ डॉलरला मिळतो. आणि यांची गाणी तर तू फोनवर रोज ऐकतेस. आपण महिन्याचे पैसे भरतो ना?"

लेकीने शर्ट मुकाट्याने घडी करून ठेवला. गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाबा, तू रोज कॉम्प्युटरवर काम करतोस, तेव्हा तुझा प्रोग्राम आज किती लोकांनी वापरला ते मोजून तुला पगार देतात का?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आमचा पगार महिन्याच्या शेवटी ठरल्याप्रमाणे येतो. आम्ही गाडी बंद केली आणि पुन्हा आत गेलो. टेबल आवरायला घेतले होते. शर्ट घेताना आम्ही त्या गायिकेला सहज विचारले, की यातले तुमच्या हाती किती उरते? ती हसून म्हणाली, उद्याचे पेट्रोल या टेबलावरच ठरते.

घरी आल्यावर इंजिनियरच्या सवयीने आम्ही कागद-पेन्सिल घेतली. तोच हिशेब खाली देत आहोत. त्यातले आकडे उदाहरणादाखल धरले आहेत. प्रत्येक बँडचे आणि प्रत्येक सभागृहाचे आकडे वेगळे असतात, पण रीत हीच.

हिशेब पहिला: एका दिवसाचा प्रवास

सभागृहाकडून मिळालेले मानधन ४०० डॉलर धरू. पेट्रोल ८०, मोटेलच्या दोन खोल्या २००, चौघांचे जेवणखाण १२०. बेरीज बरोबर ४००. म्हणजे तिकिटे विकली गेली, टाळ्याही पडल्या, पण हाती शून्य! व्हॅन बिघडली तर तो खर्च वेगळाच.

हिशेब दुसरा: एक टी-शर्ट

किंमत ३० डॉलर. बऱ्याच ठिकाणी सभागृहवाले विक्रीतून आपला वाटा कापून घेतात. तो शेकडा २० धरला तर ६ डॉलर गेले. शर्ट आणि छपाई ९ डॉलर. क्रेडिट कार्डाचा खर्च साधारण १ डॉलर. उरले १४ डॉलर. त्या रात्री १२ शर्ट खपले तर १६८ डॉलर, म्हणजे माणशी ४२. हीच त्यांची त्या दिवसाची मजुरी.

हिशेब तिसरा: फोनवर ऐकलेले गाणे

आपण महिन्याला पैसे भरतो हे खरे, पण ते आपण ऐकलेल्या कलावंतालाच थेट जात नाहीत. सहसा सगळ्यांचे पैसे एका मोठ्या हंड्यात जमा होतात आणि कोणाची गाणी एकूण किती वेळा वाजली त्या प्रमाणात वाटले जातात. एकदा गाणे वाजले की बऱ्याचदा अर्ध्या सेंटहूनही कमी पडते. आपण ०.४ सेंट धरू. मग १४ डॉलर मिळायला गाणे ३५०० वेळा वाजले पाहिजे. चार मिनिटांचे गाणे असेल तर हे २३३ तास झाले. रात्रंदिवस ऐकले तरी साडेनऊ दिवसांहून जास्त! शिवाय स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला, की ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १००० श्रोतवाऱ्या मिळाल्या नाहीत, त्याच्या ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळणार नाही. नवख्या कलावंताला हा उंबरठा उंच आहे. ('श्रोतवारी' हा शब्द लेकीने बनवला. बाईंना आवडला तर ठेवू.)

म्हणजे फोनवर ऐकणे वाईट का? मुळीच नाही. आम्हीही ऐकतो. नवी गाणी कळतात ती तिथूनच. पण ऐकले म्हणजे मोबदला चुकता झाला, हा आमचा समज मात्र चुकीचा होता.

थेट विक्रीची थोडी माहिती

ही वाट नवी नाही. अ‍ॅनी डिफ्रँको या गायिकेने १९९० साली, वयाच्या विशीत, 'राइटियस बेब' ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि कार्यक्रमांच्या जागी आपल्या कॅसेट स्वतः विकल्या. उलट वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने टी-शर्ट विकायचेच नाहीत असे ठरवले होते. त्यांनी तिकिटे आणि रेकॉर्डी स्वस्त ठेवून आपला संसार चालवला. तेव्हा मार्ग एकच नाही. दोघांमध्ये सारखी गोष्ट ही, की ऐकणारा आणि गाणारा यांच्यामधले हात त्यांनी कमी केले.

इंटरनेटवर बँडकँप नावाचे विक्रीचे ठिकाण २००८ पासून आहे. तिथे कलावंत स्वतः किंमत ठरवतो. डिजिटल विक्रीवर ते सहसा शेकडा १५ आणि वस्तूंवर शेकडा १० घेतात, शिवाय पैसे पाठवण्याचा खर्च. १० डॉलरचा अल्बम घेतला तर साधारण ८ डॉलर कलावंताच्या बाजूला पोचतात. कोरोनाच्या साथीत सगळे कार्यक्रम बंद पडले तेव्हा, २० मार्च २०२० रोजी, त्यांनी एक दिवस आपला वाटा सोडला. पुढे काही ठरावीक शुक्रवारी तसे करण्याची प्रथाच पडली.

सभागृहांच्या कापणीबद्दलही कलावंत बोलू लागले आहेत. इंग्लंडमध्ये कलावंतांच्या एका संघटनेने, फीचर्ड आर्टिस्ट्स कोएलिशनने, २०२२ साली मर्चमधून वाटा न घेणाऱ्या सभागृहांची यादीच प्रसिद्ध केली. २०२३ च्या सप्टेंबरात लाइव्ह नेशन या मोठ्या कंपनीनेही आपल्या अमेरिकेतल्या छोट्या क्लबांमध्ये हा वाटा घेणार नाही असे जाहीर केले.

आपला शब्द: बिदागी

आता मराठीकडे येऊ. कलावंताला निरोप देताना जे मानधन देतात त्याला आपल्याकडे 'बिदागी' म्हणतात. आमच्या लहानपणी देवळात कीर्तन संपले की आरतीचे तबक फिरत असे. आजी आमच्या मुठीत नाणे देई आणि म्हणे, "जा, बुवांच्या पुढ्यात ठेव. फुकट ऐकू नये." बुवा दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जात. त्यांचे एसटीचे भाडे त्या तबकात असे, हे तेव्हा आम्हाला कळले नव्हते. सभागृहाच्या दाराशी मांडलेले ते टेबल म्हणजे इथले आरतीचे तबकच!

लक्षात ठेवा

१. शक्य तर कलावंताच्या टेबलावरून किंवा त्याच्या स्वतःच्या दुकानातून घ्या.

२. सभागृहाबाहेर फुटपाथवर मिळणारे स्वस्त शर्ट बहुधा नकली असतात. त्यातला एक सेंटही कलावंताला जात नाही.

३. नको असलेली वस्तू भिडेखातर घेऊ नका. परवडत नसेल तर एक स्टिकर घ्या, किंवा पुढच्या वेळी एका मित्राला तिकीट काढून आणा.

४. सभागृह किती वाटा घेते ते टेबलावर हळूच विचारा. जास्त घेत असेल तर घरी येऊन कलावंताच्या स्वतःच्या दुकानातून मागवा.

शब्दार्थ

मानधन: कामाबद्दल मान म्हणून दिलेले पैसे
मोबदला: दिलेल्या वस्तूच्या किंवा कामाच्या बदल्यात मिळणारे
तबक: ताट, थाळी
पदरचे पैसे: स्वतःचे पैसे
भिडेखातर: 'नाही' म्हणायचा संकोच वाटतो म्हणून

स्वाध्याय

१. एका शर्टाची किंमत २५ डॉलर आहे. सभागृह शेकडा २५ घेते. शर्ट तयार करायला ८ डॉलर लागतात. बँडला किती उरले? गाण्याला ०.४ सेंट धरून तेवढ्या पैशांसाठी ते किती वेळा वाजावे लागेल?

२. 'पदरचे पैसे' आणि 'भिडेखातर' वाक्यांत वापरा.

३. रविवारी आजी-आजोबांना फोन कराल तेव्हा विचारा: तुमच्या गावात कीर्तनकार, वासुदेव किंवा भजनी मंडळी यांना काय देत असत? पाच ओळी लिहून आणा.

तो शर्ट लेकीला जरा मोठा होतो, पण ती सांगते की अजून दोन वर्षे चालेल. तो बँड पुन्हा आमच्या गावात येवो म्हणजे झाले. आला तर वर्गातल्या सगळ्यांना कळवू.