आधी फावडी मोजा

दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी म्हणतंच, 'पोरांना वर्षभर सक्तीनं देशसेवा करायला लावा, म्हणजे वळण लागेल.' राष्ट्रीय सेवा योजनेचा (एनएसएस) कार्यक्रम अधिकारी म्हणून शिबिरं घेतली, त्यातून सुचलेलं थोडं.

१. कल्पना नवी नाही. महाविद्यालयात जाण्याआधी प्रत्येकानं नऊ महिने ते वर्षभर सक्तीची सेवा करावी, असं चिंतामणराव देशमुखांच्या समितीनंच सुचवलं होतं. पैसा आणि अंमलबजावणी यांत ते अडलं. चीन युद्धानंतर १९६३ मध्ये एनसीसी सक्तीची झाली, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक. मग २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत एनएसएस आली, तीही ऐच्छिक: दोन वर्षांत २४० तास, शिवाय सात दिवसांचं शिबिर.

२. पोरं कामाला कमी पडत नाहीत, कामाची आखणी कमी पडते. वनराई बंधाऱ्याचंच घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं, वीटकामासारखी सांधमोड करत रचायच्या. गोणी गच्च भरली की टणक होते, नीट बसत नाही, फटीतून पाणी निसटतं. थोडी रिकामीच ठेवावी लागते. हे पोरं तासाभरात शिकतात. पण ओढ्याला धार असते दिवाळीच्या आगेमागे, आणि शिबिर बसतं परीक्षा उरकल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. तोवर ओढा कोरडा! वेळापत्रक विद्यापीठाचं, पाऊस त्याला जुमानत नाही. शंभर पोरांत वीस फावडी असली, तर उरलेली ऐंशी सेल्फी काढणारच. त्यांना बेशिस्त म्हणून काय उपयोग?

३. वाढीव गुणांसाठी आलेल्यांना हिणवू नये. घमेली वाहायला तेही असतातच.

४. गावातला जाणता माणूस बांधावर उभा नसेल, तर काम सुरू करू नये. रस्ता झाडणं, प्रभातफेरी, भिंतीवर घोषणा ही कामं फोटोला बरी. गावकरी ओट्यावर बसून बघत राहतात. 'सर, इथं नको, वरच्या अंगाला बांधा, इथली वाळू पाणी धरत नाही,' असं सांगणारा एक आजोबा आमच्या शंभर माहितीपत्रकांना भारी.

५. गाव ठरवताना शाळेच्या संडासाला पाणी आहे का, दाराला आतून कडी आहे का, हे आधी पाहावं. सरपंचाचा चहा नंतर. मुलींना घरून परवानगी मिळते ती यावर. वर्षभराची सक्ती करायची म्हणणाऱ्यांनी अशी किती दारं लागतील, याचा हिशेब एकदा मांडावा.