शिस्त आणि प्रतिभा : एका बालवादकाचे शिक्षण

प्रत्येक शाळेत एखादे असे मूल असते की, ज्यास पुष्कळ येते, परंतु नेटके काहीच येत नाही. गणिताचे उत्तर बरोबर, पण रीत नाही. वाचन भरभर, पण विरामचिन्हांकडे लक्ष नाही. अशा मुलाच्या वेगाचे कौतुक करून स्वस्थ बसावे, की त्यास पुन्हा पहिल्या पायरीवर आणावे? या बाबतीत युरोपातील एका संगीतशिक्षकाचा अनुभव मननीय आहे.

फ्रान्झ लिस्ट याचा जन्म २२ ऑक्टोबर १८११ रोजी तत्कालीन हंगेरीतील रायडिंग या खेड्यात झाला. पियानो हे पेटीप्रमाणे पट्ट्यांचे, परंतु आत तारा असलेले वाद्य होय. त्याचे पहिले धडे फ्रान्झला वडिलांनीच दिले. सन १८२० मध्ये त्याचे वादन ऐकून काही सरदारांनी त्याच्या शिक्षणासाठी वार्षिक साहाय्य देऊ केले. सन १८२२ मध्ये हे कुटुंब व्हिएन्ना येथे आले व मुलगा कार्ल चेर्नी यांच्या हाती सोपविण्यात आला. चेर्नी हे स्वतः बेथोव्हेनचे शिष्य.

पहिल्या भेटीचे वर्णन चेर्नी यांनी आपल्या आठवणींत केले आहे. मुलगा फिकट व अशक्त होता. वाजविताना तो इतका डुले की, आता खाली पडतो की काय असे वाटे. कोणत्या पट्टीवर कोणते बोट ठेवावे, याचे त्यास ज्ञान नव्हते. तरीही त्याची उपजत बुद्धी पाहून चेर्नी थक्क झाले.

येथेच शिक्षकाची कसोटी होती. चेर्नी यांनी प्रथम सर्व स्वरसप्तकांचे आरोह-अवरोह घोटून घेतले. नंतर क्लेमेंटीच्या रचनांवरून लय, बोटांचा क्रम व स्वरांचा गोडवा या गोष्टी पक्क्या केल्या. काही महिन्यांनीच बाख व बेथोव्हेन यांच्या रचना हाती दिल्या. त्याचबरोबर एखादा विषय देऊन त्यावर स्वयंस्फूर्त वादन करावयासही ते सांगत. म्हणजे बोटांना शिस्त लावताना त्यांनी कल्पनेस कोंडले नाही. हे धडे बहुधा रोज सायंकाळी होत आणि त्यांबद्दल चेर्नी यांनी फी घेतली नाही.

१ डिसेंबर १८२२ रोजी लिस्टचे व्हिएन्नात पहिले जाहीर वादन झाले. पुढील वर्षी वडील त्यास घेऊन पॅरिसला गेले. मुलास फार लवकर नेले, ही खंत चेर्नी यांच्या मनात राहिली. पॅरिसच्या संगीत विद्यालयाने तो परदेशी म्हणून प्रवेश नाकारला. तरीही व्हिएन्नात घातलेला पाया ढळला नाही. सन १८५२ मध्ये प्रसिद्ध झालेला आपल्या अवघड अभ्यासरचनांचा संग्रह लिस्टने चेर्नी यांनाच अर्पण केला. पुढे वायमार येथे त्याने स्वतःही शिष्यांकडून फी घेतली नाही.

शिक्षकांनी विचार करावा :
१. आपल्या वर्गातील हुशार मुलाची कोणती पायरी गाळली गेली आहे?
२. ती पायरी घोटून घेताना त्याच्या कल्पनेस दररोज थोडा तरी वाव मिळतो काय?
३. लवकर यश मिळावे म्हणून पालक घाई करीत असतील, तर त्यांची समजूत आपण कशी घालतो?