सीलच्या नळीचा धातू

रासायनिक कारखान्याच्या देखभाल विभागात नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यापुढे पंपाच्या सीलसाठी नळ्या मागवण्याचा कागद सहीला येतो, तेव्हा त्यावर बहुधा 'एसएस ३१६' एवढेच लिहिलेले असते. पुष्कळदा ते बरोबरही असते. परंतु ते का बरोबर आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्याला ते कोठे चुकते हेही कळत नाही, म्हणून त्याने सही करण्यापूर्वी थोडे थांबावे.

मेकॅनिकल सील म्हणजे फिरत्या शाफ्टभोवती एकमेकींवर टेकलेल्या दोन अतिसपाट कड्या, बहुधा एक कार्बनची व दुसरी सिलिकॉन कार्बाइडची. त्यांच्यामधला द्रवाचा पापुद्रा जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा असतो, आणि वंगण व थंडावा त्याच्याच जिवावर मिळतो. तो टिकावा म्हणून सीलच्या कोठीत द्रव खेळवणारी जी नळ्यांची मांडणी असते तिला 'पायपिंग प्लॅन' म्हणतात. १९९४ साली प्रथम निघालेल्या एपीआय ६८२ या मानकात या मांडण्यांचे क्रमांक दिलेले असतात. एवढे ध्यानात आले की, निरुपद्रवी तेलाच्या पंपावरही साधी एमएस, म्हणजे माइल्ड स्टीलची, नळी का नको हे वेगळे सांगावे लागत नाही. तेल त्या नळीला खात नाही, परंतु बंद काळात ओल धरून चढलेला गंज सुटतो, त्याचे कण द्रवाबरोबर कड्यांच्या तोंडांत शिरतात, आणि नळी धडधाकट असताना सील गळू लागते. तेव्हा नळीची निवड सीलच्या आयुष्यासाठी करावयाची असते; तिचे स्वतःचे आयुष्य ही त्यानंतरची बाब होय.

यामुळे धातूच्या आधी प्लॅन विचारावा. प्लॅन ११ मध्ये पंपाच्या डिस्चार्जकडील द्रव ऑरिफिसमधून, म्हणजे बारीक छिद्राच्या चकतीतून, सीलकडे वळवला जातो, अर्थात नळीत पंपाचाच द्रव असतो. आणि 'जो धातू केसिंगला चालतो तो नळीलाही चालेल' ही समजूत येथेच सर्वांत महागात पडते. एपीआयच्या पंपाच्या केसिंगमध्ये क्षरणासाठी म्हणून ३ मिलिमीटर जादा जाडी राखलेली असते, तर अर्धा इंची नळीची सबंध भिंतच बहुधा १.६५ मिलिमीटर असते. वर्षाला ०.१ मिलिमीटर झीज केसिंगला तीस वर्षे परवडते. तीच झीज नळीची भिंत आठ वर्षांत अर्धी करते, शिवाय जेथे नळी वाकवलेली असते तेथे बाहेरच्या अंगाची भिंत मुळातच पातळ झालेली असते. प्लॅन ३२ मध्ये बाहेरचा स्वच्छ द्रव येतो, तेव्हा विचार त्याचा करावा. दुहेरी सीलच्या प्लॅन ५२ व ५३ मध्ये टाकीतले तेल किंवा ग्लायकॉल-पाणी फिरते. मात्र ५३ मध्ये त्याचा दाब सीलच्या कोठीपेक्षा जास्त ठेवलेला असल्याने मूळ द्रव सहसा आत येत नाही, आणि ५२ बिनदाबाचा असल्याने आतले सील गळू लागताच तो थेट नळीत उतरतो. म्हणून ५२ ची नळी मूळ द्रवालाही पुरून उरणारी हवी.

स्टेनलेस स्टीलचा खरा वैरी क्लोराइड होय. या पोलादावर क्रोमियमच्या ऑक्साइडचे अतिपातळ कवच असते. क्लोराइड ते एखाद्या बिंदूवर भेदतो आणि तेथून सुईच्या टोकाएवढा खड्डा भिंत ओलांडेपर्यंत खोल जातो. ३०४ मध्ये नसलेले दोन ते तीन टक्के मोलिब्डेनम ३१६ मध्ये असते ते याच कारणासाठी. खड्ड्यांना दिलेल्या प्रतिकाराचा एक ढोबळ अंक काढतात: क्रोमियमची टक्केवारी, अधिक मोलिब्डेनमची ३.३ पट, अधिक नायट्रोजनची १६ पट. तो ३१६ साठी सुमारे २४, डुप्लेक्स २२०५ साठी ३५ च्या आसपास आणि सुपर डुप्लेक्ससाठी ४० च्या वर येतो. याखेरीज ६० अंश सेल्सियसच्या वर ताणाखाली असलेल्या ३०४ किंवा ३१६ ला क्लोराइडमुळे केसासारखे तडे जाण्याची भीती असते. प्लॅन २१ मध्ये सीलकडे जाणारा द्रव थंड करणाऱ्या कूलरमध्ये तर नळीच्या आत तप्त द्रव आणि बाहेर कूलिंग टॉवरचे पाणी असते. बाष्पीभवनाने त्या पाण्यातले क्षार दाटत जातात, आणि तडा बाहेरून सुरू होतो. कोकणपट्टीत समुद्रालगतच्या कारखान्यांत हीच गोष्ट हवेतून घडते: नळी चकचकीत दिसते, पण क्लॅम्पची रबरी पट्टी उचलली की तिच्याखाली साचलेल्या खाऱ्या ओलीने पाडलेले तपकिरी खड्डे दिसतात. तपासणीला गेलेल्याने उघडी नळी पाहण्यापेक्षा क्लॅम्प सोडून पाहावेत.

महागडा मिश्रधातू सगळीकडे सरस ठरतो असे मात्र नाही. हायड्रोक्लोरिक आम्लापुढे, ते सौम्य असले तरी, ३१६ निकामी आहे आणि १५ ते १७ टक्के मोलिब्डेनम असलेला हॅस्टेलॉय सी-२७६ तेथे शोभतो. पण तीव्र नायट्रिक आम्लात तोच सी-२७६ साध्या ३०४एल पेक्षा हीन ठरतो. टायटॅनियम ओल्या क्लोरीनमध्ये उत्तम टिकते, आणि कोरड्या क्लोरीनमध्ये पेट घेते. ही चूक झिजेवर भागत नाही, जिवावर बेतते.

माल आल्यावर प्रमाणपत्रावर विसंबू नये. चुंबकाने ३०४ व ३१६ ओळखता येत नाहीत, कारण दोन्ही जवळजवळ अचुंबकीय असतात. हातात धरण्याचे क्ष-किरण विश्लेषक मोलिब्डेनम दाखवते, पण कार्बन दाखवत नाही, म्हणून ३१६ आणि ३१६एल मधला फरक त्यावरून ठरवू नये. नळी फेरूलपेक्षा, म्हणजे फिटिंगमध्ये तिला आवळणाऱ्या कडीपेक्षा, मऊ असावी, नाहीतर फिटिंग पकड घेत नाही. नळीच्या दाबचाचणीचे पाणी कमी क्लोराइडचे घ्यावे, आणि चाचणीनंतर नळी हवेने फुंकून कोरडी करावी.

पुढच्या मागणीपत्रावर धातूच्या नावाआधी प्लॅनचा क्रमांक, नळीतला द्रव, त्याचे सर्वाधिक तापमान आणि आतले व बाहेरचे क्लोराइड एवढे लिहून मगच सही करावी.