डाळिंबाची छाटणी आणि तेल्या रोग

डाळिंब हें हलक्या जमिनीचें व थोड्या पाण्याचें झाड. परंतु तेल्या रोगानें बागेंत एकदां ठाण मांडलें म्हणजे हातीं आलेला बहार डोळ्यांदेखत जातो. कित्येकदां बागच उपटून टाकावी लागते. हा रोग छाटणीच्या कात्रीनेंही पसरतो. म्हणून रोग, छाटणी व कीड यांचा विचार येथें एकत्र केला आहे.

रोगाची ओळख.— तेल्या हा सूक्ष्म जंतूंपासून होतो, बुरशीपासून नव्हे. पानांवर प्रथम तेलकट ठिपके दिसतात, पुढें ते काळे पडतात. फळावरील डाग तडकून फळ उकलतें. फांदीवर काळे चट्टे पडून ती तेथें सहज मोडते. हे चट्टे म्हणजे जंतूंचें बिऱ्हाड. तेथून ते उष्ण, दमट हवेंत पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतात; रोगट झाडाच्या गुटीबरोबर नव्या बागेंतही जातात.

बहाराची निवड.— मृग बहारास पावसाचें पाणी फुकट मिळतें, हा मोह मोठा आहे. पण फळ वाढीस लागतें तोंच झड लागते व तेल्यास रान मोकळें होतें. हस्त बहाराचीं फळें कोरड्या हवेंत पोसतात. मात्र काळ्या भारी जमिनींत ओल हटत नाहीं व झाडास ताण बसत नाहीं. आंबे बहारास मेअखेर पाणी पाहिजे. एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, हें स्मरून विहिरीचा तळ पाहूनच तो धरावा. तेल्या असलेल्या बागेंत मृग बहार धरूं नये, हें निश्चित.

छाटणी.— फळें उतरल्यावर, विश्रांतीच्या काळांत छाटणी करावी. बुडाचे फुटवे, वाळक्या व एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढाव्या. फळ बहुधा पक्व आखूड काड्यांवर धरतें, म्हणून शेंडे चार-सहा इंचांपेक्षां अधिक मारूं नयेत. पहाणीपत्रकांत जशी सर्व्हे नंबरवार नोंद, तशी रोगट झाडांची झाडवार नोंद वहींत ठेवावी. निरोगी झाडें आधीं छाटावीं, रोगट शेवटीं. चट्ट्याच्या दोन इंच खालीं फांदी कापावी. प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या अडीच टक्के द्रावणांत बुडवावी. कापांवर बोर्डो मलम लावावें व बागेवर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारावें.

बोर्डो मिश्रण.— फ्रान्समधील मिलार्डे यांनीं १८८५ मध्यें द्राक्षांसाठीं प्रसिद्ध केलेलें हें औषध आजही उपयोगी आहे. १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यांत विरघळवावें. १ किलो कळीचा चुना विझवून ५० लिटर निवळी करावी. भांडें लोखंडी नसावें. दोन्ही द्रावणें एकाच वेळीं तिसऱ्या भांड्यांत ओतावीं. त्यांत विळ्याचें पातें बुडवून पाहावें. त्यावर तांबूस थर दिसल्यास आणखी निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशीं संपवावें.

सुरसा.— हिचें फुलपाखरूं फुलांवर व कोवळ्या फळांवर अंडीं घालतें. अळी फळ पोखरून आंत शिरते. छिद्रांतून दुर्गंधियुक्त विष्ठा बाहेर येते. फुलोऱ्यापासून ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा, पोखरलेलीं फळें वेंचून नष्ट करावीं.

शेवटीं एकच विनंति. छाटलेल्या फांद्या व गळलेलीं पानें बागेबाहेर नेऊन जाळावीं. एकानें जाळलीं आणि शेजाऱ्यानें तीच बांधावर टाकलीं, तर पहिल्याचा खर्च व कष्ट दोन्ही व्यर्थ होत. तेल्यास बांध दिसत नाहीं. म्हणून एका शिवारांतील बागाईतदारांनीं हें काम एकविचारानें करावें.