लॅपटॉप घ्यायचाय, पण केवढ्याचा?

दहावीचा निकाल लागून अकरावीला किंवा डिप्लोमाला प्रवेश मिळाला, की पंधरा दिवसांत घरात हा विषय निघतोच. "वर्गात सगळ्यांकडे लॅपटॉप आहे." आणि आपलं ठरलेलं उत्तर, "फोनवर होत नाही का?"

खरं सांगायचं तर हे उत्तर मुलासाठी नसतं, आपल्याच पोटातल्या गोळ्यासाठी असतं. नुकती फी भरलेली असते, क्लासचा हप्ता तोंडावर असतो, त्यात घरभाडं किंवा कर्ज. मग रात्री जेवणं आटोपल्यावर आपण फोन उघडतो, 'सगळ्यात स्वस्त आधी' अशी यादी लावतो आणि पहिल्या चार-पाच नगांतला एखादा मनात पक्का करून टाकतो. असं थोड्याफार फरकाने सगळ्याच घरांत होतं. दमलेल्या माणसाला निर्णय लवकर संपवायचा असतो.

मुलांचे मात्र दोन प्रकार दिसतात. एक सरळ गेमिंग लॅपटॉपचं चित्र समोर धरतो. त्याच्याशी निदान वाद तरी घालता येतो. दुसरा म्हणतो, "राहू दे, माझं भागतं." हा दुसरा जास्त जपायचा. त्याने आपलं बँकेचं बोलणं भिंतीआडून ऐकलेलं असतं. पाच इंचांच्या पडद्यावर तो प्रोजेक्ट टाइप करतो, पीडीएफ बोटांनी मोठी करून वाचतो आणि डोकं दुखलं तरी बोलत नाही. त्याच्या 'राहू दे'वर विसंबून विषय मिटवू नका.

म्हणून दुकानाच्या आधी एक छोटं काम करू या. मुलाला जवळ बसवून नुसतं विचारायचं, "आठवडाभरात तू कॉम्प्युटरवर काय काय करशील, सांग बरं." आणि तो सांगेल ते कागदावर लिहायचं. मध्ये बोलायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड, मला माहीत आहे.

बहुतेक घरांत यादी साधारण अशी निघते: ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब, लेक्चरचे व्हिडिओ, नोट्स आणि असाइनमेंट टाइप करणं, प्रेझेंटेशन, ऑनलाइन तास, फॉर्म भरणं, आणि सीईटी किंवा जेईईच्या सराव परीक्षा. या परीक्षा कॉम्प्युटरवरच होत असल्यामुळे माउस आणि स्क्रीनची सवय लागणं हेही एक कामच. पहिल्या वर्षाचं सी किंवा पायथॉन यात सहज बसतं. एवढ्यासाठी बजेट लॅपटॉप नक्की पुरतो, त्यात काही कमीपणा नाही.

यादीत व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी डिझाइन, अँड्रॉइड ॲप बनवणं किंवा आर्किटेक्चरची सॉफ्टवेअर असतील तर मात्र थांबा. आधी त्याच कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, की प्रत्यक्षात कधीपासून लागतं. पुष्कळदा कॉलेजच्या लॅबमध्ये पहिलं वर्ष निघून जातं आणि मोठी खरेदी पुढे ढकलता येते.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, चारच गोष्टी बघायच्या आहेत.

पहिली रॅम. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. फडताळ कितीही मोठं असलं तरी ओटा वीतभर असेल तर पोळ्या लाटताना भाजी चिरता येत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज अशी ठेवली आहे. त्यामुळे तेवढंच दिलेल्या मशीनवरही 'विंडोज ११' असं लिहिता येतं, आणि त्यात खोटं काहीच नसतं. पण ती सुरू होण्याची अट आहे, सुखाने काम करण्याची नाही. आपल्या कामाला ८ जीबी हवी. शिवाय रॅम पुढे वाढवता येते का, की बोर्डावर सोल्डर केलेली आहे, हेही विचारा. वाढवता येत असेल तर दोन वर्षांनी थोडक्या पैशांत मशीनचं आयुष्य वाढतं.

दुसरी गोष्ट स्टोरेजचा प्रकार. माहितीपत्रकात 'एसएसडी' लिहिलेलं हवं, २५६ जीबी तरी, ५१२ मिळाली तर उत्तम. 'ईएमएमसी ६४ जीबी' लिहिलेलं असेल तर हात मागे घ्या. विंडोज आणि तिचे अपडेट यांतच जागेचा मोठा भाग जातो. मग अपडेटला जागा उरत नाही आणि मुलगा दर महिन्याला फोटो आणि फायली पुसत बसतो.

तिसरी प्रोसेसर. इथे नावं फसवतात. २०१९ मध्ये आलेल्या सेलेरॉन एन४०२० मध्ये दोनच कोअर आहेत, आणि तो बसवलेले लॅपटॉप त्यानंतर कितीतरी वर्षं 'विद्यार्थ्यांसाठी खास' म्हणून विकले गेले. याउलट कोअर आय३-१२१५यू मध्ये सहा कोअर आहेत. रोजच्या कामाला तो दणकट. रायझन ३ ७३२०यू हाही अभ्यासाला चालतो, पण त्यासोबतची रॅम बोर्डावरच पक्की असते, म्हणून तो घेताना ८ जीबीच्या खाली अजिबात नको. नुसतं 'इंटेल' किंवा 'एएमडी' ऐकून मान डोलवू नका, पुढचा आकडा लिहून घ्या.

चौथी स्क्रीन, आणि आपण हीच विसरतो. १९२० बाय १०८० ची, शक्यतो आयपीएस. जुन्या पद्धतीच्या टीएन स्क्रीनवर जरा तिरकं बसलं की रंग उडतात आणि अक्षरं फिकट होतात. मूल कधी टेबलावर, कधी पलंगावर, कधी जमिनीवर बसून रात्री अकरापर्यंत तिच्याकडे बघणार आहे. हजार-दोन हजार जास्त घालायचेच असतील तर ते इथे घाला.

लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याचं दुकान, तिथे गेल्यावर डेमो पीस मागा आणि मुलाला त्यावर बसू द्या. त्याला पानभर टाइप करू दे, दहा टॅब उघडू दे, एकीकडे व्हिडिओ चालू ठेवू दे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरी किती टक्के भरली ते दिसतं. एवढ्यातच ती नव्वदीला टेकली असेल तर घरी काय होणार ते कळलंच. दुकानदार चुळबुळ करेल, "अहो ताई, एवढं कोणी बघत नाही" म्हणेल. म्हणू दे. पैसे आपले आहेत.

छापील किमतीपलीकडचा खर्चही आधीच धरा: बॅग, माउस, कधी ऑफिस सॉफ्टवेअर. ऑफिस वर्षभरापुरतंच आहे की कायमचं, हे विचारून घ्या. नाहीतर लिबरऑफिस फुकट मिळतं आणि शाळा-कॉलेजच्या कामाला पुरतं. अँटिव्हायरस गळ्यात मारत असतील तर नको म्हणा, विंडोजमध्ये स्वतःचा असतो. पक्कं बिल मात्र घ्याच. "बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील" या मोहात वॉरंटी हातची जाते.

एवढं बजेट नसेल तर? वापरून पुन्हा तयार केलेले कंपन्यांचे जुने लॅपटॉप, म्हणजे थिंकपॅड, लॅटिट्यूड वगैरे, हा चांगला मार्ग आहे. बांधणी मजबूत, कीबोर्ड सुरेख. फक्त इंटेल असेल तर आठव्या पिढीच्या आधीचा घेऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आठव्या पिढीहून जुन्या बहुतेक मशीनना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही दिसतात. तो दुकानातच काढून मागा.

क्रोमबुक लेखन-वाचनाला छान. पण कॉलेजला एखादं विंडोजचं सॉफ्टवेअर लागणार असेल तर ते त्यावर बसत नाही. शिवाय त्या मॉडेलला अपडेट कधीपर्यंत मिळणार ते तपासा. ती मुदत आपण विकत घेतलं त्या दिवसापासून मोजत नाहीत.

आता खरेदीनंतरचं बोलू, कारण खरी परीक्षा तिथे असते. "एवढे पैसे घातलेत, आता मार्क दिसले पाहिजेत." हे वाक्य कुणाच्या तोंडून निघालं नाही? निघतं, कारण पैसे खरंच घातलेले असतात. पण मूल प्रत्येक वेळी लॅपटॉप उघडताना ते वाक्यही उघडतं. मग चाचणीत कमी मार्क पडले, की लॅपटॉपसुद्धा त्याला घेणेकऱ्यासारखा वाटू लागतो.

दुसरं, मशीन अडखळलं की आपण पहिल्यांदा मुलावर संशय घेतो. "तूच काहीतरी डाउनलोड केलं असशील." कधी ते खरंही असतं. पण ४ जीबीचं मशीन शहाण्या मुलाच्या हातातही अडखळतं. ऑनलाइन तासाला सरांनी प्रश्न विचारला, स्क्रीन गोठली, आणि सगळ्यांसमोर "आवाज येत नाहीये" ऐकावं लागलं, की तो कॅमेरा बंद करून बसायला शिकतो. कमी पैशांत घेतलेल्या चुकीच्या मशीनची किंमत अशी मूल चुकवत राहतं.

घरात दोन भावंडं असतील तर एकाच लॅपटॉपवर दोघांची वेगळी खाती काढून द्या, वेळ ठरवून द्या. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

तर माझं मत विचाराल, तर ४ जीबी रॅम आणि ईएमएमसीवाला नवा लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी महागच. त्यापेक्षा दोन महिने थांबा, दसरा-दिवाळीचे सेल बघा, किंवा चांगला जुना घ्या. ८ जीबी, एसएसडी आणि नीट स्क्रीन असलेला साधा लॅपटॉप मात्र मनात कुठलीही खंत न ठेवता घ्या. तीन-चार वर्षांचा अभ्यास तो निभावून नेतो. आणि घ्यायला जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या, रोज वापरायचाय तो त्यालाच.